सासूबाईंचा बिडाचा तवा: गंज चढलाय, घावनं चिकटतायत, काय करू?

कोथरूडकर:

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, नाहीतर परत परत प्रश्न विचारायला लागतील तुम्हाला.

सासूबाईंचा बिडाचा (म्हणजे ओतीव लोखंडाचा) तवा मे महिन्यात सावंतवाडीहून पुण्याला आणला. तिकडचं घर आता बंदच असतं, बाकी भांडी वाटून टाकली, हा एक मी हट्टाने मागून घेतला. दोन कानांचा आहे, मध्ये किंचित खोलगट, काट्यावर ठेवला तर ३ किलो १०० ग्रॅम भरला. सासूबाई चुलीवर यावर घावनं घालायच्या आणि ती कागदासारखी सुटून यायची, उलथनं नुसतं काठाला लावायचा अवकाश. मी पहिले दोन महिने काढलाच नाही, मग श्रावणात काढला, दोनदा छान घावनं झाली, आणि तिसऱ्या वेळी मी ऑफिसला गेलेली असताना भांड्याच्या मावशींनी तो तारेच्या घासणीने आणि वडीने असा घासला की काळा तवा राखाडी झाला. त्यांचा काही दोष नाही, मीच सांगून ठेवलं नव्हतं. वर तो रात्रभर ओट्यावर ओलाच राहिला, सकाळी बघते तर सगळीकडे नारिंगी गंज. मला खरंच रडू आलं.

मग व्हिडिओ बघून तो घासला, धुतला, आणि भरपूर तेल ओतून मोठ्या गॅसवर धूर निघेपर्यंत तापवला. आता मधोमध तपकिरी चिकट थर बसलाय, बोट लावलं तर चिकटतं, काठाला मात्र अजून गंज दिसतो. काल घावन घातलं ते मध्ये चिकटून फाटलं, काठाला करपलं. ओव्हनमध्ये ठेवा असं सगळे सांगतात, पण माझा ओटीजी २८ लिटरचा आहे, त्यात हा तवा तिरका करूनही जात नाही.

तर प्रश्न असे: हा तवा वाचेल का? आणि एक कढई आणि आप्पेपात्र पण बिडाचं घ्यायचंय, ते घेताना काय बघायचं? बाजारात लोखंडी आणि बिडाचं असं दोन्ही बीड म्हणूनच विकतात असं वाटतंय.

कुडाळची_माई:

अगो, वाचेल का म्हणजे काय, तव्याला काहीएक झालेलं नाही. गंज वरवरचा असतो, बिडाचा तवा फक्त तडा गेला तरच जातो. माझ्या आईचा तवा दोन पावसाळे पडवीत पालथा पडून लालेलाल झाला होता, आज त्यावरच सकाळी घावनं घातलीत.

तुमचं चुकलं ते एवढंच की तेल जास्त झालं. तेल ओतायचं नसतं, चोळायचं असतं, आणि चोळून झालं की कोरड्या फडक्याने ते असं पुसून काढायचं की जणू चुकून लागलं होतं. तव्यावर हात फिरवला तर बोटाला तेलकट लागेल पण नजरेला तेल दिसणार नाही, इतकंच. जाड तेल तापवलं की अर्धवट शिजतं, त्याचाच तुमच्याकडे चिकटा झालाय.

आधी तो काढा. तवा मंद गॅसवर कोमट करा, मूठभर जाडं मीठ टाका, चमचाभर तेल, आणि नारळाच्या शेंडीने गोल गोल घासा. मीठ काळं-तपकिरी होईल, ते फेकून परत नवीन घ्या. दोन-तीनदा केलं की चिकटा निघतो. काठाच्या गंजाला अर्धा बटाटा मिठात बुडवून घासा, नाहीच गेला तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडक्याने पंधरा-वीस मिनिटं लावून ठेवा, पण जास्त वेळ नको, आंबट तव्यालाही खातं. मग गरम पाण्याने धुवायचा आणि लगेच गॅसवर ठेवून खडखडीत वाळवायचा. लगेच म्हणजे लगेच, फोन आला तरी आधी गॅसवर चढवायचा. साफ केलेलं उघडं लोखंड दहा मिनिटांत परत तांबूस व्हायला लागतं, हे आमच्या कोकणातल्या हवेत तर डोळ्यांसमोर होतं.

आता मुख्य काम. ओटीजी नसला तर नसला, आमच्या आया-आज्यांकडे कुठे होता. तवा मंद आचेवर सात-आठ मिनिटं तापू द्या, अर्धा कांदा काट्याला टोचा, चिमूटभर तेलात बुडवा आणि सगळीकडे फिरवा, काठाला आणि पाठीलासुद्धा, मग जुन्या सुती फडक्याने पुसून टाका (चिमटा वापरा, बोटं भाजतात), आच मध्यम करा आणि हलका धूर येऊन थांबेपर्यंत राहू द्या. शहरातला बर्नर लहान असतो म्हणून तवा सरकवत सरकवत चारी बाजूंना धग द्यायची, नाहीतर मध्ये काळा आणि काठाला कोरा राहतो, तुमचं तेच झालंय. गार झाला की परत तेच. एका दिवसात चार-पाच फेऱ्या करा, चॉकलेटी रंग येईल, काळा नाही. काळा रंग वापरून येतो, त्याला घाई करून चालत नाही.

आणि पहिल्याच दिवशी घावन घालू नका! आधी आठवडाभर त्यावर कांदे परता, थालीपीठ लावा, मासे खात असाल तर रव्यातली सुरमई तळा, भरपूर तेलाचं जे काही असेल ते. मग घावन. पीठ ताकासारखं पातळ, प्रत्येक वेळी डाव घालून तळापासून ढवळायचं कारण तांदूळ खाली बसतो, आणि तव्यावर पाणी शिंपडून बघायचं. पाणी रेंगाळलं तर तापला नाही, चर्र करून उडून गेलं तर झाला, मोत्यासारखे थेंब पळायला लागले तर जास्त तापलाय, गॅस कमी करा. पीठ काठाकडून आत ओतायचं, डावाने पसरायचं नाही, झाकण ठेवायचं. काठ आपोआप सुटल्याशिवाय उलथनं लावायचं नाही. आमच्याकडे पहिलं घावन तव्याचं म्हणतात, ते फाटलं तर मनाला लावून घेऊ नका.

रोजची_भाकरी:

माईंनी सगळंच छान लिहिलंय, एक राहिलं ते लिहिते. घावनाच्या तव्यावर भाकरी आणि पोळी अजिबात करू नका. कोरडा तवा इतका तापतो की तेलाचा बसलेला थर जळून जातो, आणि पुढचं घावन चिकटलं की आपण पिठाला दोष देत बसतो. आमच्याकडे भाकरीचा तवा पत्र्याचा लोखंडी, आणि घावन-आंबोळीचा बिडाचा, दोन्ही वेगळ्या खिळ्यांना.

साबणाचं मात्र जरा वेगळं मत आहे. बिडाला साबण लावूच नये असं सगळीकडे सांगतात, पण पातळ लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ स्पंज याने बसलेला थर जात नाही, मी सहा वर्षं धुतेय. थर म्हणजे आता तेल राहिलेलं नसतं, ते घट्ट होऊन लोखंडाला धरून बसलेलं असतं. तो जातो तारेच्या घासणीने, सोड्याने, राखेने आणि रात्रभर भिजत ठेवल्याने. मासे केल्यावर साबण न लावता तवा तसाच ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उपासाची थालीपीठं लावायची, हे मला तरी जमणार नाही.

साचेकार:

कोल्हापूरला शिरोलीत फाउंड्रीत बावीस वर्षं काम करतोय, आमच्याकडे पंपाची केसिंग आणि ट्रॅक्टरचे पार्ट निघतात, तवे नाही, पण धातू तोच, म्हणून ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

बीड म्हणजे लोखंडात साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन आणि दोनेक टक्के सिलिकॉन. पत्र्याच्या तव्यात कार्बन नावालाच असतो. एवढ्या कार्बनमुळे बीड ११५०-१२०० डिग्रीच्या आसपासच वितळतं, साधं लोखंड वितळायला १५०० च्या वर जावं लागतं. म्हणून बीड वाळूच्या साच्यात पाण्यासारखं ओतता येतं, कान, पाय, आप्प्यांचे खळगे सगळं एका ओतकामात. पण तोच कार्बन आत ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतली एक बारीकशी फटच. त्यामुळे बीड वाकत नाही, सरळ तुटतं. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येईल, बिडाचा पडला तर दोन तुकडे. आणि तडा गेलेलं बीड वेल्डिंग करून नीट बसवणं हे तव्यासाठी परवडणारं काम नाही, त्यामुळे जपायचं ते पडण्यापासून आणि गरम तव्यावर गार पाणी ओतण्यापासून. आमच्याकडे नवीन पोरं गरम कास्टिंगवर पाणी मारतात आणि 'टक्' असा आवाज येतो, तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

आता ओळखायचं कसं. पत्र्याच्या तव्याला दांडा रिबिट मारून लावलेला असतो, बिडाचा कान अंगचाच असतो. बिडाची पाठ बघा, वाळूचे कण उमटल्यासारखी रवाळ दिसते. जाडी चार-पाच मिलिमीटर तरी हवी, आणि ती सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असेल तर साचा सरकलेला असतो, तो तवा कधीच सारखा तापणार नाही. खिशात लहान चुंबक ठेवा, काळा रंग दिलेलं ॲल्युमिनियम बीड म्हणून गळ्यात मारतात ते तिथल्या तिथे कळतं (पत्रा आणि बीड मात्र चुंबकाने वेगळं कळणार नाही, दोन्ही चिकटतात).

मग भांडं एका कानाने बोटावर लटकवून दुसऱ्या हाताच्या पेराने टिचकी मारा. 'टण्ण' असा जरा टिकणारा आवाज आला तर अंग सलग आहे. 'बद्द' आवाज आला तर आत तडा किंवा पोकळी आहे, कितीही स्वस्त देवोत, परत ठेवा. घंटेसारखा मात्र वाजणार नाही, ग्रॅफाइट आवाज खातो, म्हणून तर लेथचा (धातू कातायच्या यंत्राचा) बेडसुद्धा बिडाचाच करतात, थरथर शोषून घेतो.

आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर घेऊ नका, पाणी तिथेच साठून गंज तिथूनच सुरू होतो. चकचकीत काळा लेप असेल आणि नखाने पापुद्रा निघत असेल तर तो रंग आहे, नको. घावनासाठी वरून मशीनिंग करून गुळगुळीत केलेला तवा मिळतो तो घ्या, सुरुवातीला थर धरायला वेळ लावतो पण एकदा धरला की सुरेख. कढई रवाळ असली तरी चालते. आप्पेपात्राच्या खळग्यात बोट फिरवून बघा, तळाशी धार किंवा गाठ राहिलेली असेल तर आप्पा तिथेच अडकणार.

पुण्यात असाल तर तुळशीबाग आणि बोहरी आळी दोन्हीकडे बघा, हातात घेऊन वाजवून बघू देतात त्या दुकानातूनच घ्या. आमच्या भागात बीड ओतण्याची परंपरा जुनी आहे, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हा तिथला नांगर बिडाचाच होता, पुढे ऑइल इंजिनं आणि पंप आले आणि कोल्हापूरभर फाउंड्र्या झाल्या. त्याच धातूवर घरी घावन निघतं याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

आणि माईंच्या लिहिण्यात एक भर. तवा साफ करायला पेटत्या होळीत किंवा निखाऱ्यात टाकायचा सल्ला काही लोक देतात, तो ऐकू नका. लालबुंद झाला की अंग वाकडं होतं आणि वरून लालसर खपली धरते, मग त्यावर तेलाचा थर नीट बसत नाही.

जर्सीकर:

न्यू जर्सीत काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर बिडावरच घावनं घालतो, म्हणून थोडं. इंडक्शनवर आणि काचेवर बीड चालतं, फक्त तळ सपाट हवा, म्हणजे ताईंचा खोलगट तवा चालणार नाही. उचलून ठेवायचा, सरकवायचा नाही, काचेला चरे पडतात. आणि सुरुवातच कमी आकड्यावर करायची. बीड उष्णता धरून ठेवतं छान, पण पसरवतं हळू, ॲल्युमिनियमच्या चौथा-पाचवा हिस्साच, त्यामुळे मोठी आच लावली की मध्ये करपतं आणि काठ थंड राहतो. मी दहा मिनिटं देतो, तेवढ्यात चटणी वाटून होते.

इकडे लॉजचं बीड सगळीकडे मिळतं, टेनेसीतली १८९६ पासूनची कंपनी आहे. मी आधी त्यांचं काठवालं स्किलेट घेतलं आणि पस्तावलो, भांडं उत्तम पण दोन इंच उभ्या काठामुळे घावनाखाली उलथनं आडवं जातच नाही. नंतर बुटक्या काठाचा सपाट तवा घेतला. बाहेरच्या मंडळींनी घेताना काठ बघूनच घ्या.

तेलाचं एक. मी आधी जवसाचं तेल वापरलं, सगळीकडे त्याचीच स्तुती होती. थर आरशासारखा आला आणि तीन महिन्यांत खपल्या होऊन घावनाला चिकटायला लागला. आता साधं सूर्यफुलाचं वापरतो. खोबरेल मात्र थर बसवायला उपयोगाचं नाही, ते घट्ट होत नाही, घावनाला चवीला लावा.

कुडाळची_माई:

खोबरेलाचं बरोबर आहे, मलाही उशिरा कळलं. आमच्याकडे सगळ्यालाच खोबरेल, पण तवा नुसता ठेवून दिला की त्याला खवट वास यायचा. आता ठेवताना शेंगदाणा तेलाचा हात फिरवते, पुसते, वर्तमानपत्रात गुंडाळते. पावसाळ्यात तर कपाटात ठेवतच नाही, गॅसच्या मागे खिळ्याला टांगते.

शब्दफूल:

इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लोह वाढावं म्हणून बिडाची भांडी घेणारे बरेच असतात. लोह उतरतं हे खरं, आंबट पदार्थात आणि जास्त वेळ शिजवलं तर जास्त उतरतं, पण थर चांगला बसला की प्रमाण कमी होतं. त्यामुळे डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर कढई आणली म्हणून त्या बंद करू नका. आणि घरात कोणी थॅलेसेमियाचं पेशंट असेल तर उलट बाजूने काळजी, त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असतं, आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या भाचीसाठी आम्ही लोखंडी पळीसुद्धा बाजूला काढली.

केळफूल, वांगी, आवळा बिडात काळे पडतात ते घाण म्हणून नाही, त्यातला तुरट अंश आणि लोखंड मिळून काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई पूर्वी अशीच करत. खाऊन काही होत नाही, पण भाजी बघून मुलं नाक मुरडतात.

कोथरूडकर:

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, पण काहीतरी सांगण्यासारखं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मीठ आणि शेंडीने चिकटा निघाला, चार वेळा करायला लागलं, दंड भरून आले. काठाच्या गंजाला व्हिनेगर लावलं, वीस मिनिटांनी धुतला तर खाली स्वच्छ राखाडी अंग. मग रविवारी दिवसभर कांदा फिरवणं, पुसणं, तापवणं, सहा फेऱ्या केल्या, नवरा फडकी फाडून देत होता. संध्याकाळी तवा खरंच चॉकलेटी झाला, माई म्हणाल्या तसाच. पाठ पुसताना एका कानाच्या आतल्या बाजूला तीन उभ्या रेघा सापडल्या, इतकी वर्षं काजळीखाली होत्या. नवरा म्हणाला आजीची खूण, वाडीत लग्नकार्याला भांडी एकत्र व्हायची तेव्हा आपला तवा ओळखायला.

नंतर दहा दिवस नुसते कांदे, थालीपीठं, दोनदा मासे. काल घावनं घातली. पहिलं तव्याचं झालं, दुसरं मध्ये जरा धरलं, तिसरं उलथन्याने निघालं, आणि चौथ्याचा काठ झाकण काढल्यावर स्वतःच वर उचललेला होता, जाळी पडलेली, मी हाताने सोडवून ताटात घेतलं. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या गॅस जरा कमी कर.

साचेकारदादा, बोहरी आळीत तीन कढया वाजवून बघितल्या, त्यातली एक खरंच बद्द वाजली, दुकानदारानेच ती मुकाट्याने मागे ठेवली. आप्पेपात्र अजून घेतलं नाही, खळग्यात गाठी होत्या. मावशींनाही तवा कसा धुवायचा ते करून दाखवलं, आता तो त्या सिंकमध्ये ठेवूच देत नाहीत, मलाच ओरडतात. एकच विचारायचं राहिलं, नव्या कढईत चिंचगुळाची आमटी कधीपासून करता येईल?

कुडाळची_माई:

तीन रेघा वाचून फार बरं वाटलं, आमच्या तव्याला फुली आहे.

आमटी सहा महिने तरी नको, आणि नंतरही चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक काही असलं तर पटकन शिजवायचं आणि गरम असतानाच दुसऱ्या भांड्यात काढायचं. कढईत मुरत ठेवली की चव लोखंडाची आणि थर पाण्यात. तोवर त्यात भजी तळा, सुकी मेथी करा, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठी कांदा-खोबरं भाजा. खोबरं भाजायला बिडासारखं भांडं नाही, एकदा करून बघा आणि इकडे लिहा.